हेंद्रेपाड्यातली दुसरी खीर

"उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही काय फिरायला जायची ठिकाणं झाली?" आईनं विचारलं होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मुंबईतल्या एका इस्पितळात समाजसेविका होते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या आमच्या विभागाला देणगी मिळाली होती आणि ती कशावर खर्च करायची यावरून चांगलीच जुंपली होती. मोठ्या डॉक्टरांना संशोधनासाठी नवं यंत्र हवं होतं. डॉक्टर सुलभा म्हणत होती, आधी मुलं उपचार अर्धवट सोडून का जातात ते बघू. शेवटी उपचारांना यायची बंद झालेल्या बदलापूरच्या सुजाताचा पत्ता घेऊन आम्ही दोघी कल्याणहून माझ्या स्कूटरवर निघालो. सुलभा मागे बसून देवाचं नाव घेत होती.

पहिला थांबा उल्हासनगर, कॅम्प तीन. तिथे जाणार असाल तर घरून खाऊन निघू नका. दाल-पकवान घ्या, कुरकुरीत पुरीसारखं पकवान हातानं मोडा आणि डाळीत बुडवा. स्वस्तात पोट इतकं भरतं की दुपारच्या जेवणाची आठवण होत नाही. शेजारीच, जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधे, लछमनदास नावाच्या सिंधी गृहस्थांची रक्त तपासायची लॅब होती. सुलभाला राहवलं नाही. आत जाऊन तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि खूश होऊन बाहेर आली. काम चोख होतं.

पुढे अंबरनाथचं शिवमंदिर. काळ्या दगडावरचं कोरीवकाम बघायला तासभर तरी हवा. सुलभानं मला दहा मिनिटांत उठवलं, याचा राग अजून आहे. बदलापूरचा रस्ता म्हणजे खड्ड्यांच्या मधे थोडं डांबर.

बदलापुरातल्या हेंद्रेपाड्यात सुजाता दारातच आखलेल्या घरांत लंगडी घालत ठिक्कर खेळत होती. गाल भरलेले, केस परत आलेले. मला फार आनंद झाला. तिच्या आईनं, कमलताईंनी, कौतुकानं सांगितलं की रिपोर्ट चांगला आला म्हणून बुद्धपौर्णिमेला पोरीच्या नावानं साऱ्या आळीला खीर वाटली आणि गोळ्या बंद केल्या. सुलभाचा चेहरा उतरला.

तिनं समजावलं, रोग दबलाय, गेलेला नाही. अजून बराच काळ घरीच गोळ्या घ्यायच्या आहेत. आत्ता थांबलो तर तो उलटेल आणि मग औषधालाही फारसा जुमानणार नाही.

सुजाताचे वडील कारखान्यात नोकरीला. ते म्हणाले, "मॅडम, अख्ख्या आळीनं खीर खाल्लीय. आता परत मुंबईला नेली तर लोक पोरीसमोरच बोलणार, आजार उलटला म्हणून. आणि दर वेळी रजा कोण देतो मला?"

सुलभाला सकाळची लॅब आठवली. रक्त कॅम्प तीनलाच तपासायचं, आकडे तिला फोनवर कळवायचे, ती गोळ्या कमी-जास्त करेल. मुंबई अधूनमधून. रजेचा प्रश्न मिटला, पण खीर तशीच घशात अडकलेली.

ती कमलताईंनी सोडवली. "खीर लवकर वाटली, एवढंच ना? गोळ्या संपल्या की दुसरी करू," म्हणत त्या उठल्या आणि दारातूनच शेजारणीला सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शेजारीण म्हणाली, "मग त्या खिरीत चारोळी जास्त घाल."

त्याच संध्याकाळी वडील सुजाताला घेऊन आमच्या मागोमाग कॅम्प तीनला आले. लछमनदासांनी तिच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली. "अभी तो ठीक है, दादा. पर गोली बंद नहीं करने का." वडिलांनी तिथेच डोळे पुसले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, काय पाहिलंस? मी दाल-पकवानाबद्दल सांगितलं. बाकीचं मी विभागाच्या बैठकीत सांगितलं. खूप वाद झाला आणि देणगी आधी गोळ्यांना, प्रवासखर्चाला आणि गावातल्या तपासण्यांना गेली. यंत्र लांबणीवर पडलं. मोठे डॉक्टर काही दिवस आमच्याशी बोलत नव्हते, आणि त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. गोळ्या पूर्ण घेऊनही सगळी मुलं वाचली नाहीत. ते आजही सलतं.

पण गोळ्या संपल्यावर एका सकाळी सुजाता आईबरोबर विभागात आली. हातातला स्टीलचा डबा तिनं आधी मोठ्या डॉक्टरांसमोर उघडला. चारोळी खरंच जास्त होती.