कोपऱ्यावरचा नळ

माझ्या बहिणीचं लग्न निभावलं ते भाऊ आणि वहिनींमुळे, हे आधी लिहून टाकतो.

भाऊ नात्यातले नव्हेत; एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आमच्या पाळीवर फिटर होते. मी सातवीतून शाळा सोडून परभणीकडून आलेला हेल्पर, कोळशाच्या पट्ट्यावर. कावीळ झाली तेव्हा त्यांनी मला नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतल्या आपल्या घरी नेलं. बरा झालो, पण माझं ताट तिथंच राहिलं.

सुट्टीच्या दुपारी भाऊ मोठ्यानं कादंबरी वाचायचे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, मराठीत आणलेली, वाचनालयातली जाडजूड. तिच्यातल्या तरुणाला त्याचा मित्र पैशानं सावरतो आणि घरचे त्या मित्राला दारात उभं करत नाहीत. तरुण काही ठरवतच नव्हता. मी चिडायचो. "एवढं काय अवघड आहे? मित्राचा हात धरायचा आणि चालू पडायचं!"

"भावजी, तुम्ही लंडनात असता तर दहा पानांतच पुस्तक संपलं असतं," वहिनी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"वाचताना मीपण लय शूर असतो," भाऊ हसले.

त्याच सुमारास बहिणीचं लग्न ठरलं आणि घरी पैसे नव्हते. आमच्या पाळीवाल्यांची भिशी होती. दरमहा सगळ्यांनी पैसे घालायचे, ज्याचा नंबर लागेल त्यानं सगळे उचलायचे. नंबर भाऊंचा होता. त्यांना घरावर नवे पत्रे टाकायचे होते. "पत्रे पुढच्या साली," म्हणाले आणि नंबर मला दिला. वहिनींनी बहिणीसाठी हिरवी साडी आणली. मी म्हटलं, दोघांनी लग्नाला यायचंच. भाऊंनी रजा टाकली.

पैसे न्यायला माझा थोरला भाऊ, दादा, आला. वडील गेल्यावर मला यानंच वाढवलेलं. वहिनींनी पाणी पुढं केलं. दादानं भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली.

"तहान न्हाई."

ओठ पार सुकलेले होते. पैसे मात्र त्यानं दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले. "लई उपकार झाले," म्हणताना त्याचा आवाज भरून आला, आणि ते खोटं नव्हतं. मग बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या सरकारी नळाला ओंजळ लावून घटाघटा पाणी प्यायला. दार उघडंच होतं. वहिनी भरलेला तांब्या धरून बघत होत्या. मी चपला घालून दादाच्या मागं निघालो.

स्टेशनात दादानं विचारलं, "तू जेवतोस तिथं?"

"हो."

"आईला सांगू नको. अन् त्यांना लग्नाला आणू नको. पावणे उठून गेले तर पोरीचं काय?"

मी त्याला गाडीत बसवून दिलं. एका बाजूला बहीण, एका बाजूला ते दोघं. परतताना वहिनींना काय सांगायचं तेच जुळवत होतो. पण त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही.

"भावजी, ह्यांची रजा नामंजूर झाली बघा. आमचं काही जमत नाही. साडी तुमच्याकडून म्हणून द्या."

रजा मंजूर झाल्याचं मला भाऊंनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

भाऊंनी कादंबरी उघडली, दोन ओळी वाचल्या, मिटली. त्या तरुणावर मी पुन्हा कधी चिडलो नाही.

लग्नात साडी दिली. बहीण ती गालाला लावून म्हणाली, "तुला रे कसा सुचला हा रंग?" मी वाढप्यांकडे बघायचं आहे म्हणून तिथून निघालो.

भिशीचे हप्ते मी फेडले. भाऊंच्या घरावर नवे पत्रेही चढले. पण बहिणीला अजून काही ठाऊक नाही, आणि दादासमोर तो विषय निघत नाही. वहिनी, साडी कुणाची ते एक दिवस मी तिला सांगणार आहे. मग तीच साडी नेसवून तिला तुमच्या दारात आणीन, आणि तुमच्या तांब्यातलं पाणी ती मागून पिईल.