हमझाचा खोका

ड्रायव्हरला कान असतात, हे गाडीत बसलेली माणसं हमखास विसरतात. मागे सोयरिकी ठरतात, मोडतात, सासवा सुनांना टोमणे मारतात, आणि आपण समोर बघून हॉर्न वाजवायचा. मालगुंडात मी बरीच वर्षं भाड्याची ट्रॅक्स जीप चालवली. माझ्या गाडीत सगळ्यात कमी बोललेलं माणूस म्हणजे अस्लमची बायको हफीजा. आणि गंमत बघा, मला सगळ्यात जास्त तिचंच ठाऊक आहे.

अस्लम माझ्या वर्गातला. दहावीनंतर मी स्टेअरिंग धरलं आणि त्यानं सौदीचं विमान. तिथे तो एसी दुरुस्त करायचा. दोन-तीन वर्षांनी सुट्टी मिळायची, तीही जेमतेम दोन महिने. अठ्ठ्याण्णवच्या सुट्टीत त्याचं लग्न झालं. हफीजा राजिवड्याची, रत्नागिरी शहरात वाढलेली, बारावी शिकलेली. लग्नाची गडबड संपते न संपते तोच अस्लम माझ्याकडे आला. "रघू, महाबळेश्वरला जायाचा हाय. आमी दोघंच."

मी गाडी धुतली, सीटना नवी कव्हरं घातली आणि पहाटे त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. बघतो तर अंगणात अख्खं वऱ्हाड. अस्लमच्या दोन फुफ्या म्हणजे आत्या, त्यांची पोरं, मामू, आणि सगळ्यांच्या पुढे त्याची आई कुलसुमचाची, हातात जेवणाचा भला मोठा डबा घेऊन. मी अस्लमकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"पोरगा दोन वर्सांनी आलाय," चाची म्हणाली, "त्याला येकट्याला कसा सोडू?"

एकट्याला म्हणे! बायको बरोबर असताना माणूस एकटा कसा, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी डबा घेतला आणि मागे ठेवला.

अस्लम पुढे माझ्याशेजारी बसला, कारण पुरुषमाणूस. हफीजा पार मागच्या बाकावर, दोन फुफ्यांच्या मध्ये, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी, कारण घाट लागला की ते पोर ओकायचं. पॉइंटवर सगळ्यांचा फोटो काढला, तर त्यात नवरा एका टोकाला आणि नवरी दुसऱ्या. परतताना पोलादपूरला सगळे चहाला उतरले तेव्हा ती गाडीतच बसून राहिली. मी टायर बघत होतो. ती खिडकीतून हळूच म्हणाली, "रघूभाऊ, ही गाडी दोघांसाठी पण जाते का हो?"

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं.

पुढची सुट्टी दोन हजार एकची. तोवर आलिया झाली होती, दोन वर्षांची. या वेळी हफीजाला नवऱ्याबरोबर भरपूर फिरायला मिळालं, म्हणजे कागदावर बघायला गेलं तर. आखातातून येणारा माणूस नुसतं आपलं सामान आणत नाही. खोलीतल्या सोबत्यांनी आपापल्या घरी द्यायला दिलेले खोकेही आणतो. याला अमानत म्हणतात. ती ज्याची त्याच्या घरी, स्वतःच्या हातानं पोचवायची, आणि ते टाळणं म्हणजे नाक कापून घेणं. चाचीसारखी कडक बाई सुद्धा अमानतीच्या आड यायची नाही. उलट म्हणायची, "हफीजा, तू पन जा. बायामान्सांशी बोलाया कोनतरी होवा."

म्हणून आम्ही गावोगाव हिंडलो. पण प्रत्येक घरी तेच. अस्लम ओटीवर, भोवती गावातले बाप्ये. हफीजा आत, भोवती बायका. माझा पोरगा जेवतो का, बारीक झालाय का, कधी येतो म्हणाला? मग जेवल्याशिवाय सोडायचं नाही. नको म्हटलं की घरच्यांचा चेहरा पडायचा. एका दिवसात तीन घरी तीन वेळा जेवलेली हफीजा मी पाहिलीय. संध्याकाळी गाडीत बसली की डोळे मिटून घ्यायची. नवरा दिवसभर बरोबर, आणि दिवसभरात त्याच्याशी एक शब्द नाही. तो दोन महिन्यांनी गेला तेव्हा विमानतळावर सोडायला पुन्हा गाडीभर माणसं होतीच.

दोन हजार चारच्या सुट्टीत अस्लम एका दुपारी माझ्या पडवीत येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "रघू, येक खोका पोचवायचा हाय. बुरोंडीला."

"कुणाचा?"

"कोनाचाच नाय."

डोकं हफीजाचं होतं. चाची सहलीला नाही म्हणेल, पण अमानतीला कशी म्हणेल? आणि बुरोंडी तिकडे दापोलीच्या किनाऱ्यावर, जायला पाच तास. तिथे यांचं काळं कुत्रंही ओळखीचं नाही. खोका द्यायचा म्हणून जायचं, समुद्रावर बसायचं, पोटभर बोलायचं, आणि रात्री घरी. एक दिवस. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि बाई एक दिवस मागत होती. मी म्हटलं, डिझेलचं तेवढं बघ, बाकी मी आहे.

चाची प्रत्येक खोका उचलून, हलवून बघायची, म्हणून तो खराखुरा भरावा लागला. अस्लमनं आणलेली बॅग चाचीच माजघरात उघडायची आणि वाटायची, त्यातून हफीजाच्या वाट्याला येईल ते येईल. तरी या वेळी त्यानं थोडं लपवून आणलं होतं, खास तिच्यासाठी. गुलाबांचं मऊ ब्लँकेट, अत्तराची बाटली, साबण, चॉकलेटं. तेच सगळं खोक्यात गेलं. ब्लँकेट वाळूवर अंथरायचं, असं तिनं ठरवलं होतं. वर पिवळी टेप मारली, नायलॉनची दोरी बांधली. चाचीनं विचारलं, कुणाचा? अस्लमच्या तोंडाला आलं ते नाव त्यानं सांगितलं आणि मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहूनही टाकलं. हमझा, बुरोंडी.

निघताना चाचीनं आलियाला कडेवर घेतलं. "पोर हतंच राहूदे," ती म्हणाली. "म्हंजे तुमी येळेवर परत याल." पोर रडत होती. हफीजाचा पाय दारातच घुटमळला, पण ती गाडीत बसली.

निवळी फाटा गेल्यावर अस्लमनं गाडी थांबवायला लावली आणि पुढून उठून मागे तिच्याशेजारी जाऊन बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चिपळूणपर्यंत दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. परशुराम घाटात ती काहीतरी बोलली आणि तो हसला. लोटेला कारखान्यांचा वास आला म्हणून तिनं घाईघाईनं काच लावली, तर ती मध्येच अडकली. दोघंही काच ओढायला लागले आणि खिदळायला लागले. मी आरसा वर फिरवला. काही गोष्टी ड्रायव्हरनं बघायच्या नसतात. मला त्या दिवशी माझ्याच गाडीचा फार अभिमान वाटला.

बुरोंडीत गाडी थेट वाळूपर्यंत जाईना. माडांच्या मधून पायवाट होती आणि पलीकडे पाणी दिसत होतं. अस्लमनं खोका खांद्यावर घेतला. पांढरे बूट, काळा चष्मा, अंगाला सेंटचा घमघमाट आणि खांद्यावर टेप मारलेला खोका. असा माणूस आमच्याकडे कुठल्याही गावात उतरला तरी तो कोण हे सांगावं लागत नाही. वाटेवरच्या लहानशा पुलाच्या कठड्यावर काही माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. त्यातल्या एकानं मान वाकडी करून खोक्यावरचं नाव वाचलं आणि जोरात ओरडला, "अगो मरियमबी! तुज्या हमझाचा खोका आयला!"

सुकत घातलेल्या मासळीतून एक म्हातारी धावत आली. अनवाणी, हातांना खवले चिकटलेले. माणसांकडे तिनं पाहिलंच नाही. खोक्याला दोन्ही हात लावले आणि म्हणाली, "माजा हमझा जिता हाय?"

तिचा हमझा खरंच आखातात गेला होता आणि कित्येक वर्षांत त्याची खबर नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की हिचा असा कुणीतरी हमझा आहे. अस्लमला घाम फुटला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे बघ म्हणून खूण केली. म्हातारीला एक वाक्य सांगणं पुरेसं होतं. चाची, हा दुसऱ्या हमझाचा आहे. हफीजा माडांपलीकडच्या पाण्याकडे बघत होती. मला वाटलं, आता बोलेल. आणि ती बोलली.

"हो चाची, हमझानंच दिलाय. बरा आहे तो."

पुढचं काय सांगू? गाव लोटलं. अस्लम ओटीवर, भोवती बाप्ये. हमझा काय काम करतो, कुठे राहतो, लग्न केलं का? बिचारा सुचेल ते सांगत होता, घामाघूम होऊन. हफीजा आत, भोवती बायका. म्हातारीनं खोका फोडला, ब्लँकेट गुडघ्यांवर घेतलं आणि त्यावरून नुसता हात फिरवत बसली. मग अत्तराची बाटली उघडली आणि जमलेल्या प्रत्येकीच्या मनगटाला थेंब थेंब लावलं. हफीजाच्याही लावलं. "घे गो, माज्या लेकानं धाडलाय," म्हणाली.

जेवल्याशिवाय कोण सोडतंय? मासे आले, तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. जेवणं आटपेपर्यंत दुपार कलली आणि आम्हाला निघावं लागलं, कारण घरी पोर ओलीस होती. समुद्र तिथेच होता, हाकेच्या अंतरावर. त्याच्या वाळूला यांचे पाय लागले नाहीत. निघताना म्हातारीनं हफीजाच्या हातात फडक्यात बांधलेले सुक्या कोलंबीचे सोडे दिले. "हमझाला आवडतात," म्हणाली. "तुज्या घोवाच्या हाती दे."

येताना अस्लम पुढे बसला. मागे ती, मांडीवर सोड्यांचं गाठोडं घेऊन. मला इतका संताप आला होता की खेडपर्यंत मी गिअर नुसते आपटत होतो. शेवटी अस्लमच म्हणाला, "रघू, मी काय बोलनार होतो तिला?"

"तुम्ही नाही बोललात," मागून हफीजा म्हणाली. "मी बोलले."

त्या एका वाक्यात ती कायमची अडकली. मरियमबी आता वाट बघणार होती. मग दर रमजान ईदच्या आधी हफीजा आपल्या वाट्याचे साबण, कापड असं जमवून एक खोका भरायची, आणि दापोलीकडचं भाडं मिळालं की मी तो पोचवायचो. हमझाच्या दुसऱ्या दोस्तानं आणला, असं सांगायचो. खोटं बोलून बोलून मला हमझाचा चेहरासुद्धा दिसायला लागला होता.

इकडे अस्लमची दोन हजार सहाची सुट्टी हुकली. मालकानं पासपोर्ट दाबून ठेवला होता, सोडत नव्हता. पुढच्या वर्षी, असं फोनवर सांगायचा. मग फोनही कमी झाले. हफीजा बोलत नव्हतीच, आता चाचीही बोलेनाशी झाली. संध्याकाळी दोघी पडवीत बसायच्या आणि रस्त्याकडे बघायच्या. माझी गाडी दिसली की दोघींच्या माना वर व्हायच्या, म्हणून मी दुसऱ्या वाटेनं जायला लागलो.

दोन हजार सातच्या डिसेंबरात रत्नागिरी स्टेशनवर मला एक जोडपं भेटलं. अद्नान नावाचा खेडकडचा मुलगा आणि त्याची नवी नवरी. मालगुंडला जायचं होतं. बरोबर खोका होता, पिवळी टेप मारलेला. "अस्लमभाईंच्या घरी द्यायचाय," तो म्हणाला. मग बायकोकडे चोरून बघत त्यानं विचारलं, "भाऊ, तिथून गणपतीपुळ्याची वाळू किती लांब?" जवळच आहे म्हटलं आणि मी खोका उचलून गाडीत ठेवला.

खोका बघून चाची रडायलाच लागली. चटई आणा, भात टाका, कोंबडी धरा, एकच धांदल. हफीजा खोक्यापाशी बसली. टेपवरून तिनं बोट फिरवलं, अगदी कडेपर्यंत. मग उठली, नव्या नवरीला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. मी तिथेच पाणी पीत उभा होतो.

"खरं सांग," ती म्हणाली, "त्यांनीच दिलाय ना? की तुम्हीच भरलात?"

पोरगी गोंधळली. "अल्लाची कसम, भाभी. ह्यांनी त्यांच्या हातातून घेतला. बरे आहेत ते."

हफीजा तिच्याकडे बघत राहिली. "मीही एकीला असंच सांगितलं होतं," म्हणाली.

मग ती बाहेर आली आणि चाचीच्या हातातली चटई काढून घेतली. "अम्मी, यांना बसवायचं नाही." चाची तिच्यामागे धावली. अमानत घेऊन आलेल्या माणसाला उपाशी घालवायचं? मोहल्ला काय म्हणेल? हफीजानं घरात होत्या त्या भाकऱ्या आणि सुकं मटण डब्यात बांधलं, आपलं एक जुनं ब्लँकेट घडी करून पोरीच्या हातात दिलं, आणि दोघांना जवळजवळ ढकलतच गाडीपर्यंत आणलं.

"रघूभाऊ," ती म्हणाली, "ही गाडी दोघांसाठी पण जाते ना? मग यांना वाळूवर सोडा. मध्ये कुणी हाक मारली तरी थांबू नका."

मी गाडी चालू केली. आरशात ती पडवीच्या पायरीवर दिसत होती, पायाशी न उघडलेला खोका. वळण आलं तेव्हा मागे ती पोरगी काहीतरी बोलली आणि अद्नान हसला. मी आरसा वर फिरवला आणि गाडी समुद्राकडे घेतली.