काळं नेसलेली हिमनदी

सिंगापुरात थंडी म्हणजे ऑफिसातला एसी. त्यामुळे अंटार्क्टिकाजवळच्या ज्वालामुखी बेटावर निघताना इथल्याच क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी घामाघूम होऊन लोकरीचे मोजे घालून बघत होते. हौस यांची. भूगर्भशास्त्र शिकले आणि जन्मभर बँकेत बसले. राखेनं झाकलेल्या हिमनदीला एकदा हात लावायचा, एवढीच इच्छा उरली होती. मला विचाराल तर बर्फ 'आइस काचांग'मध्येच (पाक ओतलेला किसलेला बर्फ) शोभतो.

विमानांनंतर बोट. इतरांनी म्हणे देवमासे पाहिले; मी बादली पाहिली.

संक्रांतीच्या सकाळी बेट आलं. उतरण्याआधी एक दणकट बाई सगळ्यांचे खिसे व्हॅक्यूम क्लीनरनं साफ करत होती. बाहेरचं एकही बी बेटावर जाता कामा नये, असा कडक नियम. यांच्या खिशातून तिनं मूठभर चुरा काढला.

"हे काय?"

"तिळगूळ. आज आमचा सण," मी म्हटलं. "घ्या ना!"

"म्हणजे बिया?"

अगं बाई! हिमनदीपाशी तोंड गोड करावं, म्हणून मीच तो गुपचूप ठेवला होता. आता सगळे तीळ निघेपर्यंत यांना उतरता येणार नव्हतं, आणि वारा वाढत असल्यानं होड्या बंद व्हायच्या बेतात होत्या. 'गोड बोला'च्या दिवशी नवऱ्याची बोलतीच बंद केली मी! चिमट्यानं अस्तरातले तीळ वेचताना मला रडूच फुटलं. शेवटच्या होडीत आम्हाला कसंबसं कोंबलं.

किनारा कोळशाच्या वखारीसारखा. थकून मी एका काळ्या भिंतीला टेकले.

"अहो, हिमनदी कुठंय?"

"टेकलीयेस ना, तीच."

संक्रांत म्हणून तीही काळं नेसून उभी होती. यांनी हातमोजा काढून राख पुसली, आत निळसर बर्फ दिसला. त्यावर तळवा ठेवून हे कितीतरी वेळ उभे राहिले. डोळे भरून आले होते.

"वारा फार आहे," हे म्हणाले. मी हो म्हटलं.

घरी लेकीनं फोटो पाहिले आणि सिंगापुरी इंग्रजीत निकाल दिला. "आई, धिस वन कन्स्ट्रक्शन साइट, लाह!"

यांचं जॅकेट धुवायला काढलं, तर शिवणीत एक तीळ. थेट हिमनदीपर्यंत जाऊन आलेला! यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"घे. आणि गोड बोल."

एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात. मी तो एकटीनंच गिळला. पुरावा होता तो.