आधी चावी, मग चकरी

नवऱ्याचा कॅमेरा मी बिघडवला आणि ते जाईपर्यंत कबूल केलं नाही.

आज देवरावांना जाऊन वर्ष झालं.

नवऱ्याला नावानं लिहिते आहे म्हणून कुणी कमेंटमध्ये नाक मुरडू नये. तेच म्हणायचे, "मास्तरीणबाई, मंग नाव ठेवलं कायले?"

कॅमेरा रशियन. झॉर्की.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे सौंसरच्या तहसील ऑफिसात बाबू, मी शाळेत. यांचा भाऊ भिलाईच्या कारखान्यात होता. तिथले रशियन इंजिनिअर मायदेशी जाताना सामान विकून जायचे. भावाचं पत्र आलं आणि यांनी दुसऱ्या दिवशी सायकल विकली.

नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूर, तिथून भिलाई. परत आले ते गळ्यात कॅमेरा घालूनच. त्यानंतर तीन वर्षं ऑफिसला पायी गेले, पण ऐटीत.

वर रशियन अक्षरात नाव होतं. पहिलं अक्षर अगदी इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं. त्यामुळे ऑफिसात सगळे त्याला 'तीन नंबरचा कॅमेरा' म्हणायचे. आमचे हे रागवायचे.

विकणाऱ्या इंजिनिअरला हिंदी धड येत नव्हती आणि यांना रशियन. तरी त्यानं हातवारे करून एक गोष्ट दहा वेळा बजावली होती. आधी फिल्म सरकवायची चावी फिरवायची, मगच स्पीडची चकरी. उलटं केलं की आतलं मशीन गेलं.

घरी आल्या आल्या यांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणून कव्हरवर चिकटवली. बॉलपेननं लिहिलं, 'आधी चावी, मग चकरी.'

मला रोज पाठ म्हणून दाखवायला लावायचे. मला! मी शंभर पोरांकडून पाढे म्हणून घेणारी बाई.

फोकसही त्यांनीच शिकवला. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं की समोरच्या माणसाचे दोन चेहरे दिसायचे. रिंग हळूहळू फिरवायची, दोनाचा एक झाला की दाबायचं.

आता मुद्द्याचं.

माझी आई पांढुर्ण्याकडच्या खेड्यात राहायची. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. लेकीकडे आली तरी दुपारच्या बसनं परत, कारण एक दिवस खाडा झाला की तिला चैन पडत नसे. तिचा आयुष्यात एकही फोटो नव्हता.

त्या दिवशी ती आली, हे ऑफिसात. मी कॅमेरा काढला.

"माह्या कायले फोटो काढून राहिली वं? मले का चुनाव लढाचा हाये?"

"बस ना आई, एक मिनिट."

ओसरीत बसवलं. खिडकीतून पाहिलं तर दोन आया, चार डोळे, हनुवटीवर दोन-दोन गोंदणं. रिंग फिरवली. दोघींची एक आई झाली. दाबलं.

आणखी एक काढावा, जवळून, आतल्या सावलीत. सावलीत स्पीड कमी करायचा हे मला माहीत होतं. आई पदर सावरून उठायला लागली होती. "बस चुकन वं माही."

मी घाईत आधी चकरी फिरवली.

आत काहीतरी खट्ट झालं आणि चकरी सैल पडली. मी कॅमेरा कव्हरात घातला आणि आईला बसवर सोडून आले.

संध्याकाळी यांनी कॅमेरा कानाला लावून एकेका नंबरावर दाबून पाहिला. सगळ्या नंबरांवर एकच आवाज, म्हणजे एकच स्पीड उरलेला.

"ऊन लागलं वाटते याले," ते म्हणाले.

"लागलं असन," मी म्हटलं.

माझी चूक मान्य करणं माझ्या स्वभावातच नाही. शाळेत पोरांना उभं करून चूक वदवून घ्यायची, ती मी.

नागपूरच्या मेकॅनिकनं कॅमेरा उघडून पाहिला आणि हात टेकले. पार्ट मिळणार नव्हता.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. फोटो तर फिल्मवर होता!

पंधरा दिवसांनी नागपूरहून प्रिंट आल्या. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. हे दारातच पाकीट उघडून एकेक बघत होते. शेवटच्या फोटोवर थांबले. माझी भाकर तव्यावर करपली.

"आईचा फोटो झकास आला," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, कव्हरवरची पांढरी पट्टी काढून टाकलेली. नुसता चिकट डाग राहिला होता. रोज ती ओळ माझ्या नजरेला पडू नये म्हणून यांनी ती काढली. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

त्याच हिवाळ्यात आई गेली. तिचा तो एकच फोटो आहे. यांनीच मोठा करून फ्रेम करून आणला.

कुणी विचारलं, "सासूबाईचा फोटो कोणं काढला?" की म्हणायचे, "माह्या कॅमेऱ्यानं."

आणि त्या एकाच स्पीडवर या माणसानं पुढे दहा वर्षं फोटो काढले! उजेड बरोबर लागायचा तो चार वाजता, शाळेच्या भिंतीसमोर. लोधीखेड्याची, बोरगावची माणसं नवे कपडे घालून तिथे चार वाजता हजर व्हायची. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती भिंत असेल. अल्बम काढून बघा.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "ऐका ना." त्यांनी डोळे उघडले. आणि मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

म्हणून आज चारचौघांत लिहिते.

देवराव, चकरी मीच फिरवली. नियम पाठ होता. आई उठून जाईल म्हणून घाई झाली.

तुम्हाला माहीत होतं, हे मला माहीत होतं. तरी सांगायला हवं होतं.

जयभीम, देवराव. निवांत राहा.