अनोळखी बाई, नऊ नंबर

"ही रेघ बघा," मी पडद्याकडे बोट दाखवून म्हणालो. "मनगटापासून अंगठ्यापर्यंत गेलेली. ही कुठल्या कॅमेऱ्याने काढलेली नाही. पुराच्या चिखलाने काढली आहे."

वाचनालयाच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. टाळ्या पडल्या आणि मी खूश झालो. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. एमआयडीसीतली पहिली शिफ्ट संपवून तशाच आल्या असाव्यात, खांद्याला डब्याची पिशवी होती.

"तो चिखल नाय," त्या म्हणाल्या. "कोयता लागलेला. ती माजी आई हाय."

पडद्यावर स्लाइड नंबर नऊ होती: चेहरे धुऊन गेलेले, एका खांद्यावर ठेवलेला हात तेवढा उरलेला. खाली मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'अनोळखी बाई'.

माझा महाडात स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. पुरानंतर लोक भिजलेले अल्बम पिशव्या भरभरून घेऊन आले. जुन्या फोटोचा रंग कागदात नसतो, वरच्या जिलेटीनच्या पातळ थरात असतो. त्याला इमल्शन म्हणतात. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले की ओढायचे नाहीत. स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवायचे, पाणी बदलत राहायचं, ते आपणहून सुटेपर्यंत कळ काढायची. सुटले तरी पुष्कळदा रंग पाण्यात वाहून जातो. चेहरा गेला की फोटो गेला, अशी आमच्या धंद्यातली समजूत. मी गिऱ्हाइकांना फोन करून सांगायचो, "काही उरलं नाही." ते म्हणायचे, "मग टाकून द्या."

मी टाकले नाहीत. त्या तुकड्यांचे रंग फार सुंदर दिसत होते. कुठे नुसता फेटा, कुठे अर्धी मुंडावळी. मी ते स्कॅन केले, त्यांची सिरीज केली आणि तिला माझं 'पर्सनल वर्क' म्हणायला लागलो. म्हणजे गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःसाठी केलेलं काम. त्या दिवशी त्याचाच स्लाइड शो होता. पहिल्या रांगेत मुंबईहून आलेल्या गॅलरीच्या मॅडम बसल्या होत्या. त्या माझं प्रदर्शन भरवणार होत्या आणि नऊ नंबर त्यांना निमंत्रणाच्या कार्डावर हवा होता.

वाचनालयाचे अध्यक्ष माइक ओढून म्हणाले, "ताई, प्रश्न शेवटी घेऊ."

"प्रश्न नाय माजा. मी सांगतेय."

मी लबाडी केली. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो. म्हणालो, "ताई, पाण्यात गेलेले फोटो सगळे सारखेच दिसतात हो."

"हाताखाली माजा खांदा हाय. हिरवा शालू. आमी दासगावचे. अल्बम तुमच्याच दुकानात दिलेला. तुमी फोनवर बोललात, काय उरला नाय."

मला ती पिशवी आठवली. खरं तर बाई उठल्या तेव्हाच आठवली होती.

मागून पोलादपूरकडचे एक गृहस्थ उभे राहिले. "आमची पिशवी पण यांच्याकडंच व्हती!" आणखी दोघं-तिघं उठले. खुर्च्या सरकल्या. अध्यक्ष कानाशी येऊन पुटपुटले, "पुढची स्लाइड घ्या, लवकर." मॅडम पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "त्यांनीच डिस्कार्ड करायला सांगितलं ना? मग तुम्ही सेफ आहात."

रिमोट माझ्या हातात होता. एक बटण दाबलं असतं तर ती बाई पडद्यावरून गेली असती. मी रिमोट टेबलावर ठेवला.

"फोटो तुमचाच आहे," मी म्हणालो. "मी टाकला नाही आणि तुम्हाला सांगितलंही नाही."

"का नाय सांगितलात?"

"तुमच्या कामाचं त्यात काही राहिलं नाही, असं वाटलं."

"मंग तुमच्या कामाचा कसा झाला?"

वीस वर्षं मी लोकांना 'इकडे बघा, हसा' सांगत आलोय, पण त्या क्षणी मला त्या बाईंकडे बघवेना. कार्यक्रम तिथेच संपला.

त्यांना घेऊन मी तसाच स्टुडिओत गेलो. मूळ तुकडा प्लास्टिकच्या पाकिटात होता. त्यांनी तो उजेडात धरला आणि पाकिटावरूनच त्या खुणेवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आय कदी फोटोला उभीच ऱ्हायली नाय. लग्नात मी रडाया लागले म्हणून मागं आली, तेवढाच ह्यो एक."

मला काहीतरी भरपाई करायची होती. म्हटलं, "ताई, चेहरा बनवून देतो. आता एआयने होतं. तुमच्या चेहऱ्यावरून हुबेहूब येईल."

"नको," त्या पटकन म्हणाल्या. "तोंड माज्या ध्यानात हाय. तुमी हात तेवढा मोठा करून द्या."

त्या आठवड्यात मी तो हात मोठा करून दिला. कोयत्याच्या खुणेला धक्का लावला नाही. नऊ नंबरशिवाय सिरीज उभी राहत नाही असं मॅडमनी कळवलं आणि प्रदर्शन बारगळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नंतर मी जुन्या पावत्यांवरून एकेकाला शोधत गेलो. पोलादपूरच्या त्या गृहस्थांनी सगळे तुकडे चाळून कौलांचा एक कोपरा उचलला. "ह्या आमचा पडलेला घर," म्हणाले, आणि तो खिशात घातला. मी तो तुकडा सिरीजमध्येही घेतला नव्हता. काही मालक अजून सापडलेले नाहीत, त्यांचे तुकडे खोक्यात आहेत.

आता भिजलेला अल्बम आला की मी सुटलेले सगळे तुकडे टॉवेलवर मांडतो, माणसाला बोलावतो आणि गप्प उभा राहतो. काय उरलंय ते त्याने सांगायचं. माझं काम टबातलं पाणी बदलायचं.