मंगळवारच्या पंचायतीतली तक्रार

इतक्या वर्षांच्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र तसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि दर वेळी दोन माणसांचे आभार मानावेसे वाटतात. त्यातला एक गावचा सरपंच होता. दुसरा, मी स्वतः कोठडीत टाकलेला आरोपी.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. मी मूळचा नागपूरकडचा. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा माझ्याबरोबरचे काही जण मुंबई राज्यात गेले, माझी नोकरी मध्य प्रदेशात राहिली. दुर्ग आणि कारखान्याच्या मधल्या एका गावात नवी पोलीस चौकी निघाली होती, तिचा चार्ज माझ्याकडे आला. चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, एक हवालदार, चार शिपाई आणि आठवड्यातून तीन दिवस बंद असलेला फोन.

गाव धानाच्या शेतीचं. निम्मी शेतं कारखान्यासाठी घेतली गेली होती, उरलेल्या शेतांवर डंपरांची लाल धूळ बसायची. गावाबाहेर दगडखाण सुरू झाली होती आणि खाणीवर भंडाऱ्याकडची, आंध्रातली, ओडिशातली माणसं झोपड्या बांधून राहत होती. रोज नवा चेहरा, रोज नवी तक्रार.

मंगळवारी गावात हाट भरायचा आणि दुपारी शाळेच्या ओट्यावर पंचायत बसायची. सरपंच साठीच्या पुढचा, छत्तीसगढी शेतकरी. त्याचीही अर्धी जमीन गेली होती. मी रुजू झालो त्याच आठवड्यात तो चौकीवर आला आणि म्हणाला, “थानेदार साहब, मंगल के मंगल आपको पंचायत में बैठना पड़ेगा. गाँव की बात गाँव में सुन लीजिए, तो चौकी तक कम आएगी.”

मी जायला लागलो खरा, पण मनातून वैतागायचो. कुणाच्या म्हशीनं कुणाच्या परसातली भाजी खाल्ली, तळ्यावर बाहेरच्या लोकांनी कपडे धुतले, डंपरवाला गल्लीतून जोरात जातो. सरपंचाचा एक नियम होता, बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही. एकेक म्हातारी अर्धा अर्धा तास बोलायची आणि मी घड्याळाकडे बघत बसायचो.

एका शनिवारी सकाळी खाणीचा स्टोअरकीपर धापा टाकत चौकीवर आला. बारूदखान्यातला डेटोनेटरचा एक अख्खा डबा गायब होता. डेटोनेटर म्हणजे सुरुंग उडवायला लावतात त्या लहान नळ्या. करंगळीहून बारीक, अॅल्युमिनियमच्या, एक तोंड उघडं आणि एक बंद. बंद बाजूला स्फोटक भरलेलं असतं. एकीनं हाताची बोटं जातात. डबाभर नळ्यांनी काय होईल याचा विचारच नको.

“संशय कुणावर?” मी विचारलं.

त्यानं लगेच नाव सांगितलं. सुरुंगाच्या कामावर मदतनीस असलेला भंडाऱ्याकडचा एक तरुण. सुट्टी नाकारली म्हणून त्यानं गुरुवारी स्टोअरकीपरशी भांडण केलं होतं, “पाहून घेतो” असंही म्हणाला होता.

मी दुर्गला कळवलं. पुढच्या आठवड्यात कारखान्यावर मोठ्या पाहुण्यांचा दौरा होता, रशियन इंजिनियर होतेच. वरिष्ठ फोनवर ओरडले, “हा घातपाताचा प्रकार असू शकतो. दौऱ्याच्या आत माल मिळाला पाहिजे.”

त्या संध्याकाळी मी त्या माणसाला खाणीवरून उचललं आणि हाताला दोरी बांधून गावाच्या भर रस्त्यातून चौकीवर आणलं. लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते. त्याच्या झोपडीची झडती घेतली. दोन भांडी, एक गोधडी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. बाकी काही नाही. रविवारी दुर्गला मॅजिस्ट्रेटच्या बंगल्यावर हजर करून पोलीस कोठडी घेतली.

चौकशी मी स्वतः केली. माझीच भाषा बोलणारा माणूस, मला वाटलं लवकर मोकळेपणानं बोलेल.

“डबा कुठं लपवला?”

“मले काहीच मालूम नाही साहेब. सुट्टीपायी भांडलो, हे खरं हाये. पण डबा म्या पाह्यलाबी नाही.”

“मग सारखा दाराकडे कशाला पाहतोस? कुणी साथीदार यायचा आहे?”

“बाई एकटी हाये झोपडीत. नवी हाये ते इकडं. तिची फिकर लागून राहिली.”

माझा विश्वास बसला नाही. प्रश्न विचारला की तो घाबरायचा, आवाज कापायचा, आणि मी ते गुन्ह्याचं लक्षण समजलो. नव्या अधिकाऱ्याची ही नेहमीची चूक असते. निर्दोष माणूस सराईतापेक्षा जास्त घाबरतो, कारण त्याला चौकीची सवय नसते. सोमवारी संध्याकाळी मी त्याला एक थप्पडही मारली. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही, पण मारली हे खरं आहे. तो रडला नाही. गालावर हात ठेवून एवढंच म्हणाला, “खरं सांगतल्यावर आनखीन काय सांगू साहेब?”

त्याची बायको तीन दिवस चौकीच्या पडवीसमोर उभी होती. विशी-बाविशीची बाई, हातात फडक्यात बांधलेला भात. शिपाई भात आत घ्यायचा आणि तिला हाकलायचा. मीही दोनदा तिच्यासमोरून गेलो, थांबलो नाही.

मंगळवार उजाडला. मी पंचायतीला जाणार नव्हतो. सरपंचानं कोटवाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, पाठवलं. “साहब, सरपंच बोले हैं, दस मिनट को ही सही, पर आइए.” नाइलाजानं गेलो.

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. मी उठायला टोपी उचलली तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. तिची तक्रार हाटात बसणाऱ्या टिनवाल्याविरुद्ध होती. हा टिनवाला गावाच्या कडेलाच राहायचा आणि रिकाम्या बाटल्यांना पत्र्याचं झाकण आणि वातीची नळी बसवून रॉकेलच्या चिमण्या करून विकायचा.

“तीन हाट होगे, मोर चिमनी नइ देइस,” म्हातारी हातवारे करत सांगायला लागली. तीन बाजार झाले तरी तिला चिमणी मिळाली नव्हती.

पंच हसले. मी सरपंचाला म्हणालो, “चिमणीच्या तक्रारीसाठी पोलीस लागत नाही. मी निघतो.”

सरपंचानं माझ्याकडे न बघता हात वर केला. “बैठिए साहब. माई की बात पूरी हो जाने दीजिए.”

मी बसलो. केवळ लाजेनं बसलो.

म्हातारी पुढे सांगत होती की आज टिनवाला म्हणतो, नव्या नळ्या मिळाल्या आहेत, पण त्यांचं एक तोंड बंद आहे. ते कापावं लागेल, म्हणून संध्याकाळी ये. तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता, म्हणून पुरावा म्हणून तिनं त्यातली एक नळी मागून आणली होती. तिनं लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि ती नळी पंचांच्या टेबलावर टक्कन ठेवली.

पांढरी, चकचकीत, करंगळीहून बारीक. एक तोंड उघडं, एक बंद.

तो डेटोनेटर होता. मग मी खिशातून रुमाल काढला, नळी हलकेच त्यात घेतली आणि शाळेच्या एका रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दारावर कोटवाराला उभं केलं. सरपंचाला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

“वो काटने बैठा होगा,” तो म्हणाला.

आम्ही निघालो. मी धावायला लागलो तसा त्यानं माझा दंड धरला. “वर्दी दौड़ती देखेंगे तो भगदड़ मचेगी. चलकर चलिए. और मुझे आगे जाने दीजिए.”

शाळा ते हाट दोनशे पावलंही नसतील. मला ती वाट संपता संपेना. भाजीवाल्या, बांगड्यावाले, सुक्या मासळीची टोपली घेतलेल्या बाया, सगळा हाट भरात होता. टिनवाला मधोमध बसला होता. एका बाजूला डाक लावायची, म्हणजे पत्रे सांधायची पेटती शेगडी, दुसऱ्या बाजूला पितळेच्या परातीत त्या नळ्यांचा ढीग. भोवती सात-आठ बाया चिमण्यांची वाट बघत उभ्या. त्याच्या डाव्या हातात एक नळी होती, उजव्या हातात पत्रा कापायची कात्री.

मी ओरडणार होतो. ओरडलो असतो तर तो दचकला असता आणि कात्री मिटली असती. सरपंच शांतपणे त्याच्यासमोर उकिडवा बसला, जसा काही चिमणी घ्यायलाच आला आहे.

“जरा तोर कैंची तो देखा,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

टिनवाल्यानं कात्री दिली. सरपंचासमोर नाही म्हणायची रीत नव्हती.

“अब ये नली भी इधर दे. धीरे.”

त्यानं नळीही दिली. त्याच वेळी मी मागून शेगडी उचलली आणि वीस पावलं लांब नेऊन ठेवली. हात भाजला होता, हे मला पुष्कळ वेळानं कळलं. सरपंच उठला आणि बायांना म्हणाला की आज चिमण्या मिळणार नाहीत, सगळ्यांनी तळ्याच्या बाजूला चला. एरवी मी शिट्टी फुंकून जे केलं असतं, ते त्यानं घरच्या लग्नात पंगत उठवावी तसं केलं. कुणी धावलं नाही, कुणी पडलं नाही.

खाणीवरचा परवानाधारक सुरुंगवाला आला. त्यानं नळ्या एकेक करून उचलल्या, शाळेतली एक धरून मोजल्या. डब्यातल्या सगळ्या होत्या. एकही कापलेली नव्हती. टिनवाल्याच्या पत्र्यांत डब्याचे तुकडे सापडले, त्यांवर इंग्रजीत धोक्याची सूचना छापलेली. ती गावात कुणाला वाचता येणार होती?

“हे तुला कुणी दिलं?” मी विचारलं.

त्यानं सांगितलं, खाणीवरच्या त्या धरलेल्या माणसाच्या बाईनं. शनिवारी सकाळी, एक चिमणी करून द्यायच्या बोलीवर.

मी चौकीवर आलो. ती पडवीसमोर उभीच होती. पहिल्यांदा मी तिला बसायला सांगितलं आणि डब्याचा तुकडा दाखवला.

“हो, मीच देल्ला,” ती सरळ म्हणाली. “शुक्रवारी खाणीजवळ मोहाच्या झाडाखाली पडून होता. गिट्टी फोडून येताना उचलला, मानसाले दाखवला नाही. झोपडीत उजेड नाही, मनून चिमणीसाठी देल्ला.” मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “त्याच्याच्यानंच माह्या मानसाले धरलं का साहेब? मले कोणी इचारलं असतं तं पयल्याच दिवशी सांगतलं असतं.”

तिला कुणी विचारलंच नव्हतं. तीन दिवस सगळ्या प्रकरणाचं उत्तर माझ्या दारात हातात भात घेऊन उभं होतं आणि मी आत बसून तिच्या नवऱ्याकडून ते काढत होतो.

स्टोअरकीपरला बोलावलं. बारूदखान्याचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली त्याच्याचकडे असायची, हे मी पहिल्याच दिवशी लक्षात घ्यायला हवं होतं. पाऊण तासात त्यानं कबूल केलं. नियम मोडून डबा त्यानं स्वतःच बाहेर आणला होता, झाडाखाली ठेवून तो ट्रक उतरवून घ्यायला गेला आणि विसरला. नोकरी जाईल या भीतीनं चोरी सांगितली. फिर्यादी आधी बोलतो म्हणून तो खरं बोलतो असं नसतं, हा धडा मी त्या दिवशी घेतला. त्याच्यावर स्फोटकांच्या निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला.

बुधवारी त्या माणसाला दुर्गला नेऊन आरोपाला आधार नसल्याचा अहवाल दिला आणि मॅजिस्ट्रेटनी त्याला सोडलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी त्याची माफी मागितली. तो खाली बघत म्हणाला, “मी तं पयल्या दिवसापासून खरंच सांगून राहिलो होतो, साहेब.” मला वाटलं, प्रकरण मिटलं.

सरपंचाला तसं वाटत नव्हतं. संध्याकाळी तो चौकीवर आला. “साहब, बुरा मत मानिए. आप उसे रस्सी बाँधकर पूरे गाँव के सामने लाए थे. छोड़ा कोर्ट में. गाँव ने तो नहीं देखा. जितनों के सामने ले गए, उतनों के सामने छोड़िए.”

मी दोन दिवस विचार केला. वर्दीतल्या अधिकाऱ्यानं चारचौघांत चूक कबूल करायची, असं आमच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. हवालदार म्हणाला, “साहब, फिर कौन डरेगा हमसे?” पण त्या मंगळवारी सरपंचानं मला बसवलं नसतं तर हाटात काय झालं असतं, हे मला माहीत होतं. त्याचं म्हणणं टाळायचा मला हक्क उरला नव्हता.

पुढच्या मंगळवारी ओटा माणसांनी भरला होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं की या माणसानं चोरी केलेली नाही, त्याच्या बायकोनंही नाही. मी पुरेशी चौकशी न करता त्याला धरलं आणि त्याच्यावर हात उचलला, ही माझी चूक आहे. ते नवरा-बायको मागच्या बाजूला बसले होते. सरपंचानं त्याला बोलायला सांगितलं. मला वाटलं, आता तो मनातला राग काढेल, आणि तो त्याचा अधिकारच होता.

तो हात जोडून उठला. “साहेब चुकले, साहेबानं सांगतलं. माह्यं झालं. पण खाणीवर बाया काम करतेत, त्याईले इंग्रजी वाचता येत नाही. त्या डब्याईवर काहीतरी चित्र काढा, लाल निशाण लावा. आनखीन कोणाची बाई तो डबा उचलल, तं वाचल.”

एवढंच मागितलं त्यानं. पंचायतीनं त्याच दिवशी ठराव केला, मी तो दुर्गला पाठवला आणि महिनाभरात त्या खाणीवरच्या प्रत्येक डब्यावर लाल रंगात कवटी आली. स्फोटाआधी लाल निशाण आणि शिट्टी सुरू झाली. पुढे आसपासच्या खाणींनीही तेच केलं.

त्यानंतर मी तिथे असेपर्यंत एकही मंगळवार चुकवला नाही. पुढे जिथे बदली झाली, तिथे पहिल्याच दिवशी शिपायांना सांगत असे, दारात जो उभा असेल त्याला आधी बसवा, पाणी द्या आणि का आलास ते विचारा. अनेक गुन्हे मी तेवढ्यानं उघडकीस आणले. लोक मला हुशार अधिकारी म्हणत. मला ते शिकवलं एका शेतकऱ्यानं, ज्यानं मला एक तक्रार पूर्ण ऐकायला लावली, आणि एका मजुरानं, ज्याला मी मारलं होतं आणि ज्यानं बोलायची पाळी आली तेव्हा दुसऱ्यांच्या बायकांचा जीव वाचावा एवढंच मागितलं. दोघांचाही मी ऋणी आहे.