सगळ्यांचा दगड

आप्पाकाकांकडे कोणीही आलं की चहाच्या आधी त्याच्या हातात एक काळा, ओबडधोबड दगड यायचा. बटाट्याएवढा. "सांग, कोणाचा?"

पाहुणा गोंधळून म्हणायचा, "तुमचाच ना?"

"समुद्राच्या तळाचा आहे. म्हणजे सगळ्यांचा. म्हणजे जो आधी उचलेल त्याचा!" आणि काका हसायचे. ते हसू मला कधीच आवडलं नाही.

नोकरी लागेपर्यंत ज्यांनी तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, ते आमचे बुऱ्हाणपूरचे काका सरकारी वकील म्हणून देशोदेशीच्या बैठकांना जायचे. भांडण एकच : समुद्रतळाशी पडलेल्या या धातूच्या गोळ्यांवर हक्क कोणाचा? "श्रीमंतांकडे जहाजं, गरिबांकडे नुसती खुर्ची," ते सांगायचे. "लहान देशांची बोलायची पाळी येते, तोवर अर्धा हॉल जेवायला गेलेला असतो." 'आधी नियम, मग मशीन' हे त्यांचं पालुपद. मिक्सर लावतानाही आम्ही ते म्हणून त्यांना चिडवायचो.

बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या गावी, जसोंडीला, भाऊबंदांची सामायिक विहीर. केळीला पाणी पाळीनं. ती पाळी काकांनीच लावलेली, आणि विहिरीलगत कोणी बोअर मारायचा नाही, हा शब्दही त्यांनीच घेतलेला. ते निवृत्त होऊन परतले त्या उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या भावानं, विनोदनं, विहिरीशेजारच्या बांधावर बोअरची गाडी उभी केली. काका तसेच धावले. मी मागोमाग.

"विनोद, आधी सगळ्यांना बसव. कोण किती उपसणार, ते ठरू दे."

"काका, मशीन तर येऊन गेली. नियम बाद में बनवू ना."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "हेच वाक्य," ते मला हळूच म्हणाले, "हेच ऐकून आलोय मी तिकडून. फक्त साहेबाच्या भाषेत."

बोअरला पाणी लागलं, पेढे वाटले गेले. मग चुलतभावांनीही बोअर मारले, प्रत्येकाचा आधीच्यापेक्षा खोल. काका विहिरीच्या कठड्यावर बसून नुसते आत बघत राहायचे. मला त्यांची काळजी वाटायची, आणि त्यांच्यापेक्षा त्या विहिरीची.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. दहाव्याचं पाणी सामायिक विहिरीचंच घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. बादली सोडली, ती ठणकन तळावर आपटली. पलीकडच्या मळ्यात बोअरची गाडी धडधडत होती.

"माझ्या बोअरचं आणतो," विनोद पुटपुटला.

"राहू दे बाबा," काकू म्हणाल्या. "ते तुझं पाणी. ह्यांना सगळ्यांचं लागायचं."